गटिंगेनचे बिऱ्हाड

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला निरोप देताना जे उपदेश केले जातात, त्यांचे स्थूलमानाने दोनच प्रकार असतात : आपले काही सोडू नकोस हा एक, आणि गेलास की तिथला होऊन राहा हा दुसरा. माझे वाईचे एक स्नेही, जे महसूल खात्यात उमेदवार म्हणून शिरून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले आणि आता पेन्शनच्या निश्चिंतीत संस्कृत व्याकरणाचे ग्रंथ वाचीत बसतात, ते या दोहोंपैकी कोणत्याच पंथाचे नव्हेत. विद्यार्थ्याने परमुलखात रुळण्याच्या खटपटीतच पडू नये, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांची भाची जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात वनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करीत आली असून ती सुट्टीत आजोळी आलेली होती. शेजारच्या घरातला मुलगाही येत्या ऑक्टोबरात त्याच गावी जायचा आहे. आणि ‘तिथे गेल्यावर रुळायला काय करावे लागते’ या त्याच्या वडिलांच्या साध्या प्रश्नावरून मामा-भाचीत जो वाद झाला, तो मी मध्ये फारसे न बोलता ऐकला. वडील बिचारे उत्तर हाती न लागताच घरी गेले. पण २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या सुमारे ४९,००० झाली आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आपला क्रमांक पहिला लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे तो प्रश्न एका शेजाऱ्यापुरता राहत नाही. म्हणून हे टिपण.

“विद्यार्थी म्हणजे मुदतीचा माणूस,” मामांनी सुरुवात केली. “त्याने दोन वर्षांत एक काम उरकून परत यायचे असते. अशा माणसाने तिथली बोली, तिथले सण, तिथले खाणे आणि तिथली हवा यांच्याशी सलगी करण्यात जो वेळ घालवायचा, तो अभ्यासातून चोरलेला असतो. तुमच्या गटिंगेनचेच उदाहरण देतो. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि १८८१ पर्यंत तिथे होते. नागोजीभट्टाच्या परिभाषेंदुशेखराचे इंग्रजी भाषांतर त्यांनी या काळात केले, पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती हाती घेतली, आणि मायदेशी परतल्यावर गटिंगेनला प्राध्यापक होऊन १९०८ साली वारले. पुण्यात रुळण्यासाठी त्यांनी काय काय केले, याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. महाभाष्य मात्र अजून लोक त्यांच्याच प्रतीवरून वाचतात. मीही वाचतो.”

“मामा, कीलहॉर्न आले ते सरकारी नेमणुकीचा हुकूम घेऊन आले,” भाची म्हणाली. “पगार ठरलेला, पद ठरलेले, राज्य करणाऱ्यांच्या वर्तुळात खुर्ची मांडलेली. शिवाय जे काम तुम्ही वाखाणता, ते आपल्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण समजून घेतल्यावाचून त्यांना झाले नसते. म्हणजे काही देणेघेणे त्यांनीही जोडलेच. पण ते राहू दे. मी गटिंगेनला गेले ती अर्जदार म्हणून गेले, आणि अर्जदाराला कोणतेही गाव आपण होऊन जागा करून देत नाही. तिथे पाऊल टाकण्याआधीच सुरुवात होते. आपल्या पदव्या खऱ्या आहेत याचा दाखला दिल्लीच्या एपीएस केंद्राकडून घ्यावा लागतो. वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावी लागते; २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली आहे, आणि तिथे पोचल्यावर आपलेच पैसे आपल्याला दरमहा ९९२ युरोंच्या हप्त्याने मिळतात.”

“तारण आहे ते! त्यात गैर काय?” मामा म्हणाले. “तुझ्या शैक्षणिक कर्जाला जामीन मी आहे. तारणाचे तत्त्व मला नको समजावूस. उलट त्या सरकारचे मला कौतुक वाटते. लोअर सॅक्सनी प्रांताने २०१४ साली शिकवणीचे शुल्कच काढून टाकले, असे तूच सांगितलेस. काही शे युरोंची सत्रवर्गणी घेऊन जो परक्या मुलाला आपल्या पोरांच्या बाकावर बसवतो, त्याने एवढी खातरजमा करून घेतली तर बिघडले कुठे?”

“बिघडले नाही. मी तक्रार करीत नाही, वर्णन करते आहे. तर तिथे गेल्यावर, राहायला लागल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, आपला पत्ता नगरपालिकेच्या दफ्तरी नोंदवायचा असतो. गटिंगेनला त्यासाठी हिरोशिमा चौकातल्या नव्या नगरभवनात जावे लागते. नुसते जाऊन भागत नाही. ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहते, असे घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र जोडावे लागते. नोंद नसेल तर करक्रमांक येत नाही आणि राहण्याच्या परवान्याचा अर्ज अडतो. आता गोम अशी की, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी प्रतीक्षायादी लांबलचक, आणि खाजगी मालक समोर न आलेल्या, तिकडचा पगार नसलेल्या, नोंद नसलेल्या माणसाला खोली द्यायला कचरतो. काही जण देतात, पण ‘नोंदणीचे प्रमाणपत्र मागायचे नाही’ अशा अटीवर देतात. ती खोली घेणे म्हणजे आपल्या हाताने सगळी दारे लावून घेणे. घर मिळाल्याशिवाय नोंद नाही आणि नोंद झाल्याशिवाय कशाचीच दाद लागत नाही. या फेऱ्यातून बाहेर पडेपर्यंत मला अभ्यासाचे एक पान धड वाचता आले नव्हते. मन रमत नव्हते म्हणून नव्हे हो. पुढच्या महिन्यात पाठ कुठे टेकायची, ते ठरलेले नव्हते म्हणून.”

मामा आता खुर्चीच्या टोकाशी सरकून बसले होते. निवृत्त महसुली माणसाला दुसऱ्या देशाच्या दफ्तराची हकीकत ऐकताना जो आनंद होतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि आपण प्रतिपक्षाचे आहोत याचा त्यांना क्षणभर विसर पडला होता.

“मग झाली नोंद?”

“झाली. तरी माझ्या नावचे एकही पत्र येईना. बँकेचा गुप्तांक, विम्याचे कार्ड, करक्रमांक, सगळे तिथे टपालाने येते. आणि खालच्या दाराशी ज्या पत्रपेट्या असतात, त्यांतल्या एकीवर तुमचे आडनाव चिकटवलेले नसेल, तर पत्ता बिनचूक असूनही टपालवाला पत्र परत घेऊन जातो. इमारत त्याला सापडते, पण त्याच्या लेखी तुम्ही तिथे राहत नसता.”

“अस्सं! म्हणजे फेरफार मंजूर झाला, पण सातबाऱ्यावर नाव चढले नाही!”

“तसेच. मग मी कागदाच्या चिठोऱ्यावर नाव लिहून चिकटवले, आणि पहिले पत्र आले ते रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे. घरटी दरमहा १८.३६ युरो. घरात रेडिओ असो वा नसो.”

मामा मनापासून हसले. नगरदफ्तरात नाव चढताच वसुलीचा तगादा पोचावा, ही गोष्ट त्यांना त्या राष्ट्राच्या कार्यक्षमतेची परमावधी वाटली असावी. हसून झाल्यावर मात्र ते सावरून बसले.

“ठीक. हे दफ्तरी काम मी मान्य करतो. कचेरीचा दाखला, विमा, खाते, परवाना ही व्यवहाराची अंगे आहेत, त्यांना मी रुळणे म्हणत नाही. ती एकदाची उरकली की मोकळे व्हायचे. माझा आक्षेप पुढच्या गोष्टींना आहे. पहिल्या सत्रात तू आपल्याकडच्या तिघींबरोबर राहत होतीस. वरणभात रांधीत होतात, दिवाळीला चकल्या केल्यात, आईला रोज फोन होता. सगळे सुरळीत असताना ते सोडून तू परक्या चौघांच्या घरात खोली कशाला घेतलीस? तिथे भांडी घासायच्या पाळ्या, कचऱ्याची वाटणी, महिन्याची सभा, आणि त्यांच्या भाषेत तोंड वेंगाडणे. या सगळ्याचा वनशास्त्राशी संबंध काय?”

भाचीने या ठिकाणी बराच वेळ घेतला, आणि तिने जे सांगितले ते मला त्या संध्याकाळचे सार वाटले. म्हणून ते शक्य तितके तिच्याच शब्दांत देतो.

“मामा, त्या तिघींच्या घरात मी सुखात होते, हे खरे. जर्मनीतल्या पहिल्या डिसेंबरात, जेव्हा आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि चारनंतर थोड्याच वेळात दिवे लावावे लागतात, तेव्हा त्या घराने मला सांभाळले. कोणी आजारी पडले तर खिचडी मिळे. पण विद्यापीठात मी मुकी होते. वर्गातल्या रीती चार दिवसांत कळल्या : वेळापत्रकात दहा लिहिलेले असले तरी व्याख्यान सव्वादहाला सुरू होते, ते संपले की टाळ्यांऐवजी बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात, परीक्षेला बसण्यासाठी मुदतीत वेगळे नाव नोंदवले नाही तर वर्षभर अभ्यास केलेल्यालाही बसू देत नाहीत. या गोष्टी वाचून कळतात. न कळणारी गोष्ट निराळी होती. चर्चासत्रात प्राध्यापक स्वतःचे मत मांडून झाल्यावर ‘यात चूक कुठे आहे?’ असे विचारीत, आणि मला वाटे, हा विनय आहे. मोठ्या माणसाने असे विचारले तर ‘नाही, नाही, सगळे बरोबर आहे’ म्हणायचे असते, एवढेच मला ठाऊक. सत्र संपले तेव्हा त्यांनी मला खोलीत बोलावून विचारले की, तुम्ही वाचून येता हे तुमच्या टाचणांवरून दिसते, मग तुम्हाला मतच नसते का?

“नंतर मी घर बदलले. ते काही याच कारणाने नव्हे. आमच्या त्या घराचा करार संपला होता आणि जवळच्या एका सामाईक घरात खोली रिकामी होती. तिथले राहणारे उमेदवाराला आधी चहाला बोलावून पारखून घेतात, तशी मला घेतली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर साफसफाईचा तक्ता. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या, पांढरी, तपकिरी, हिरवी. आणि रविवारी त्या बाहेरच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण काच फुटल्याच्या आवाजाने शेजाऱ्यांची विश्रांती मोडते. ज्या बाटल्यांवर अनामत असते त्या दुकानातल्या यंत्राला परत दिल्या की पैसे मिळतात, प्लास्टिकच्या बाटलीमागे पंचवीस सेंट. हे सगळे अंगवळणी पडले. पण पहिल्याच मासिक सभेत एक मुलगी सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुझ्या फोडणीचा वास माझ्या कोटाला लागतो, मला ते आवडत नाही.’ मला वाटले, संपले! आपल्याकडे हे वाक्य उच्चारले जाते ते संबंध तोडायच्या वेळी. मी दोन दिवस भाकरतुकडा खोलीत नेऊन खाल्ला. तिसऱ्या दिवशी तीच मुलगी माझ्या दारात उभी राहून विचारते, ‘आज काय केले आहेस, मला देशील का?’ तिला कोटाचा प्रश्न सोडवायचा होता. माझ्याशी तिचे काहीच वाकडे नव्हते. कोट आत टांगायचे ठरले, स्वयंपाकघराचे दार लावायचे ठरले, फोडणी चालू राहिली.

“तेव्हा मला प्राध्यापकांचा प्रश्न कळला. हार्झच्या डोंगरातली स्प्रूसची बने २०१८ पासूनच्या अवर्षणाने आणि सालीखाली पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मैलोगणती वाळून गेली आहेत. राष्ट्रीय उद्यानात मेलेली झाडे तशीच उभी ठेवून वनाला आपले आपण उगवू देतात. उद्यानाबाहेरच्या रानातून ती तोडून नेऊन नवी लागवड करतात. कोणते योग्य, यावर आमचे चर्चासत्र होते. प्राध्यापकांनी एक बाजू मांडली आणि नेहमीचा प्रश्न केला, आणि मी म्हणाले की, तुमच्या मांडणीत उताराच्या जमिनीचा हिशेब धरलेला नाही. त्यांनी मला पाऊण तास आकड्यांनी घेरले. निम्मे मुद्दे माझे पडले, निम्मे टिकले. शेवटी बाक वाजले. मामा, वनशास्त्र मी त्या दिवशी शिकायला लागले. आणि ते मला स्वयंपाकघरातून मिळाले.”

“म्हणजे गुरूला उलट उत्तर द्यायला शिकलीस,” मामा कोरडेपणाने म्हणाले, “यासाठी मी जमीन गहाण टाकली तर!”

“तुम्ही रोज सकाळी जे महाभाष्य उघडता, त्यात दुसरे काय आहे? कात्यायनाने पाणिनीच्या सूत्रावर शंका काढायची, पतंजलीने ती तपासायची, कधी पाणिनीच्या बाजूने निकाल द्यायचा, कधी कात्यायनाच्या. पानोपानी आक्षेप आणि समाधान. आपल्याकडे हे नव्हते असे नाही, मामा. माझ्या शाळेत नव्हते.”

हा घाव वर्मी बसला. मामांनी पानाचा डबा जवळ ओढला आणि सुपारी कातरीत बसले. पण महसूल खात्यात हयात घालवलेला माणूस एका मुद्द्यावर दावा सोडून देत नाही.

“तू म्हणतेस, आत शिरल्याशिवाय मतभेद करता येत नाही. मी म्हणतो, बाहेर राहिल्याशिवाय करता येत नाही. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. सासऱ्यांचा, म्हणजे साक्षात महर्षी कर्व्यांचा विरोध; पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतलेले. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व कवटीच्या घडणीत उतरलेले असते, असा त्याचा तर्क. तो सिद्ध करण्याचे काम बाईंकडे आले, बाईंनी कवट्या मोजल्या, आणि तसा काही भेद आढळत नाही असे लिहून दिले. १९३० साली पदवी घेऊन त्या परत आल्या. आता सांग, त्या बाई त्या मंडळींत मुरल्या असत्या, त्यांच्या सभांत आणि जेवणांत त्यांच्यातल्याच एक झाल्या असत्या, तर सगळ्यांना जे दिसत होते तेच त्यांनाही दिसले नसते का? त्यांचे परकेपण हाच त्यांचा पहारा होता.”

“पण त्यांनी मोजल्या त्या तिथल्याच संस्थेच्या कवट्या, आणि त्याही तिथल्याच रीतीने. म्हणून तर निष्कर्ष गिळावा लागला. पुण्यात बसून त्यांनी ‘हे सगळे खोटे आहे’ असा लेख लिहिला असता, तर फिशरने तो वाचलादेखील नसता.”

“ते कबूल. पण आत शिरून परकेपण जपले, हे तर मान्य करशील?”

“परकेपण जपावे लागत नाही मामा, ते असतेच. दुकानात, गाडीत, परवान्याच्या कचेरीत रोज कोणी ना कोणी आठवण करून देतो. जपावा लागतो तो विवेक. आणि तो इथे बसूनही जपावा लागतो.”

माझ्या मते येथे दोघांचेही थोडे थोडे खरे होते. इरावतीबाईंच्या उदाहरणाला मामांनी जी किंमत दिली ती योग्यच होती. पण रुळणे म्हणजे मिंधे होणे, हे त्यांनी न सांगता गृहीत धरले होते, आणि भाचीचा सगळा रोख त्या गृहीतावर होता. इतक्यात मामांनी आपले शेवटचे, आणि मला वाटते सर्वांत प्रबळ, प्रमाण काढले.

“तुझ्याच विद्यापीठाचे दफ्तर उघडतो. गणितज्ञ एमी नोएथर. जर्मनीत जन्मलेली, बापही गणिताचा प्राध्यापक. १९१५ साली हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी तिला गटिंगेनला बोलावले. बाई म्हणून शिकवण्याचा अधिकार १९१९ पर्यंत मिळाला नाही, तोवर तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावावर जाहीर होत. एवढे सोसून ती तिथे राहिली, शिष्य तयार केले, गणिताची एक शाखा उभी केली. तिच्याहून त्या गावात रुळलेला माणूस कोण दाखवशील? १९३३ च्या एप्रिलात सरकारी नोकरांविषयी एक कायदा झाला, आणि ज्यू म्हणून तिला घरी बसवले. तिथल्याच भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बोर्नलाही तेच. बोर्न पुढे काही काळ बंगलोरला येऊन राहिला. नोएथर अमेरिकेत गेली आणि १९३५ साली वारली. जे दफ्तर तुझे नाव चढवते, तेच ते उतरवते. मी पस्तीस वर्षे दफ्तर सांभाळले आहे, पोरी. नावावर लाल शाईची रेघ मारायला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक आहे.”

“म्हणूनच मी गटिंगेनला माझे गाव म्हणत नाही,” भाची लगेच म्हणाली. तिने याचा विचार आधीच केलेला असावा. “कोणी विचारले तर वाई सांगते. त्या गावावर माझा हक्क आहे असे मला कधी वाटले नाही, आणि उद्या वारा फिरला तर काय होईल, हे तिथल्या निवडणुकांचे निकाल वाचताना माझ्याही मनात येते. पण हक्क नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे कसे होईल? मी सांगते ते रुळणे हे एवढेच आहे : तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात. तिथे पार्सल आले आणि घरी कोणी नसले, की टपालवाला ते शेजाऱ्याकडे ठेवून चिठ्ठी टाकतो. सुरुवातीला सगळ्यांची पार्सले त्या बाईंकडे जात. मग त्यांना जिना झेपेनासा झाला, दार उघडायला वेळ लागू लागला, आणि टपालवाला माझी घंटी वाजवू लागला. आता त्या इमारतीतली मंडळी संध्याकाळी माझ्या दाराशी येतात, आपापले पार्सल घेऊन जातात, दोन वाक्ये बोलतात. बाईंची एक किल्ली माझ्याजवळ असते. नोएथरलाही असे शेजारी असतील आणि त्यांतले पुष्कळ १९३३ साली दार लावून गप्प बसले असतील, हे मी जाणते. तरीसुद्धा किल्ली नाकारून मी कोणावर सूड उगवणार?”

मामांनी यावर उत्तर दिले नाही. विषय बदलावा म्हणून की काय, ते म्हणाले, “एवढे नियमांचे गाव, तिथे तुम्हा पोरांचा जीव गुदमरत नाही?”

“नियमांची कथा तिथेही आपल्यासारखीच आहे,” ती हसून म्हणाली. “जुन्या नगरभवनासमोर कारंजे आहे, त्यावर हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा. १९०१ सालचा. डॉक्टरेट मिळाली की विद्यार्थी वर चढून तिचा मुका घेतात. १९२६ साली प्रशासनाने त्याला मनाई केली. एका विद्यार्थ्याने दावा लावला आणि तो हरला. मनाई राहिली आणि मुकेही राहिले. आणि बिस्मार्क! १८३२ साली तो तिथे कायदा शिकायला आला आणि असा काही वागला की त्याला गावात राहायची बंदी झाली. जुन्या तटावरच्या एका छोट्या घरात त्याने बिऱ्हाड केले. ते घर आज दाखवतात.”

“म्हणजे जर्मन साम्राज्य उभे करणाराही तिथे रुळला नाही!” मामांनी हा मुद्दा झटकन उचलला, आणि तिघांनाही हसू आले.

मला स्वतःला भाचीची बाजू अधिक पटली. पण तिने जे गृहीत धरले ते सगळ्यांना लागू नाही, हेही नमूद करायला हवे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची जी मुभा तिथल्या विद्यार्थ्याला आहे, ती शेवटच्या तासापर्यंत वापरून गोदामात खोकी उचलणाऱ्या, कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे असलेल्या मुलाला स्वयंपाकघरातली सभा आणि शेजारणीची किल्ली यांसाठी वेळ कुठून आणायचा? त्याने चौघा देशबांधवांच्या खोलीत मुकाट्याने दोन वर्षे काढली, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. भाचीला विद्यापीठातच मदतनिसाचे काम मिळाले होते, म्हणजे तिची कमाई आणि तिचा अभ्यास एकाच इमारतीत होते. रुळायलाही थोडी सवड गाठीशी लागते. मामांनी हा मुद्दा काढला असता तर वाद निराळ्या वाटेने गेला असता. त्यांनी तो काढला नाही, बहुधा त्यामुळे कर्जाची गोष्ट पुन्हा निघाली असती म्हणून.

पुढे काय करायचे, ही गोष्ट मात्र शेवटी निघालीच. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी तिथले सरकार अठरा महिन्यांचा परवाना देते, असे भाचीने सांगितले तेव्हा मामांनी सुपारी कातरायची थांबवली.

“म्हणजे पुन्हा अर्ज?”

“पुन्हा अर्ज. पुन्हा विम्याचा दाखला, पुन्हा निर्वाहाचा पुरावा.”

“आणि करणार आहेस?”

“अर्ज करणार आहे. राहणार की नाही, ते अजून ठरवलेले नाही. हार्झमधल्या एका संशोधन प्रकल्पात जागा निघायची आहे. आणि इथे महाबळेश्वरच्या पठारावरच्या रानांवर काम करायचे म्हटले, तरी तिथली दोन वर्षे आधी हवीत.”

“आपल्याकडे रानात काम करायचे म्हणजे वन खात्याशी गाठ,” मामा म्हणाले. महसूल आणि वन या दोन खात्यांचे पिढीजात वैर त्या एका वाक्यात उतरले होते. मग त्यांनी चष्मा लावला, हात पुढे केला आणि अर्जाचा नमुना मागितला. भाचीने फोनवर उघडून दिला. जर्मन त्यांना येत नाही. तरी रकाने कोणते, मुदत कुठे लिहायची, सोबतची कागदपत्रे किती, हे ते बराच वेळ बोट फिरवून पाहत होते.

“सही करण्याआधी याची एक प्रत माझ्याकडे राहू दे,” ते अखेर म्हणाले. “आणि शेजारच्या पोराला सांग, जाताना नावाच्या चार चिठ्ठ्या छापूनच ने म्हणावे. मराठीत नव्हे, त्यांच्या लिपीत.”